१९६२ च्या जकार्ता एशियाडचा भारतीय फुटबॉल संघ: जर्नैल सिंग पुढे का खेळले?

प्रश्न: जर्नैल सिंग मूळचे स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. मग एशियाडच्या अंतिम सामन्यात त्यांचा गोल कसा? आणि त्या संघात आपल्या गोवा-मुंबईकडचं कोण होतं?

डावाबॅक: थायलंडविरुद्ध त्यांचं डोकं फुटलं, टाके पडले. अशा माणसाला बचावात ठेवलं तर उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्यावर घ्यावाच लागतो. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना सेंटर फॉरवर्ड (आघाडीचा मधला खेळाडू) केलं आणि मागे अरुण घोषवर भिस्त ठेवली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं, त्यात जर्नैलचा एक गोल. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जींनी १७ व्या आणि जर्नैलनी २० व्या मिनिटाला गोल केला. प्रतिस्पर्धी दक्षिण कोरियाचा गोल अगदी शेवटी आला, आपण २-१ जिंकलो. याच कोरियाने गटसाखळीत आपल्याला २-० हरवलं होतं! माझ्या मते भारतीय फुटबॉलमधला हा सर्वांत धाडसी बदल.

मांडवीकाठ: आपल्याकडचे म्हणजे फोर्चुनातो फ्रँको. गोव्याचे, मुंबईत टाटाच्या फुटबॉल संघाकडून खेळायचे, जागा हाफबॅकची, म्हणजे बचाव आणि आघाडीच्या मधली. चुनी गोस्वामी, बलराम, पी. के. हे आघाडीवीर पुढे सुटायचे तेव्हा मधली पोकळी हेच भरायचे. गोल नाहीत म्हणून त्या संघाच्या आठवणींतून त्यांचं नाव गळतं, हे फार चूक आहे.

डावाबॅक: अगदी खरं. नेव्हिल डिसूझाही टाटाचेच. १९५६ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूची पहिलीच. तो सामना ४-२ जिंकून आपण उपांत्य फेरीत गेलो. तिथे युगोस्लाव्हियाविरुद्धचा आपला एकमेव गोलही त्यांचाच.