बापाच्या जागेवर आला म्हणजे घराणेशाहीच का? (आयर्लंडचा एंडा केनी)

खानापूरचा गणू:
काल गोवावेसला चहा घेताना वाद झाला, विषय आपला नेहमीचाच, घराणेशाही. मित्र म्हणतो हे फक्त आपल्याकडंच, युरोपात असलं काही चालत नाही. मी आयर्लंडचा माजी पंतप्रधान एंडा केनीचं नाव काढलं, तर म्हणे तो मेहनतीनं वर आला. आता नक्की काय समजायचं? कुणाला त्याची कारकीर्द नीट माहीत असली तर सांगा की ओ.

शहापूरची वहिनी:
मित्राला म्हणावं आधी 1975 बघ. केनीचे वडील हेन्री केनी आयर्लंडमधल्या मेयो काउंटीचे (जिल्ह्याचे) खासदार, त्याआधी गेलिक फुटबॉल या तिकडच्या खेळातलं मोठं नाव, 1936 साली ऑल-आयर्लंड ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकलेल्या मेयोच्या टीमात होते. ते वारले, पोटनिवडणूक लागली आणि प्राथमिक शाळेत मास्तर असलेला 24 वर्षांचा पोरगा एंडा निवडून आला. आता सांगा, हे आपल्याला नवीन हाय काय? आपले बेळगावचे खासदार सुरेश अंगडी गेले, 2021 ला पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी उभ्या राहिल्या आणि पाच हजारांच्या आसपास मतांनी आल्या. सहानुभूती काय बेळगावची मक्तेदारी नव्हे.

निपाणी_तंबाखू:
वहिनी, पहिली जागा आडनावानं मिळाली हे कबूल, पण पुढचं पण बघा की. जवळजवळ वीस वर्षं हा माणूस मागच्या बाकावर, मधे थोडे दिवस राज्यमंत्री, 1994 ला कुठं पर्यटन-व्यापार खातं मिळालं. 2001 ला पक्षाध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि हरला. 2002 ला त्याचा फिन गेल पक्ष 54 वरून 31 जागांवर आपटला, मेयोत त्याच्याच पक्षाचा सोबती पडला आणि हा स्वतः कसाबसा वाचला. त्या पडझडीत अध्यक्षपद याच्या गळ्यात पडलं, आणि 2011 ला पक्ष 76 जागांवर! तिकडं एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात, मतपत्रिकेवर पसंतीनुसार 1, 2, 3 असे आकडे घालायचे, म्हणजे खरी भांडणं आपल्याच पक्षाच्या माणसाशी. आडनावावर एकदा येता येतं, 44 वर्षं टिकता येत नाही.

गणू:
म्हणजे मित्र पण बरोबर न् मी पण? 😄 आणि 2011 ला एवढं कसं काय फिरलं?

निपाणी_तंबाखू:
बँका बुडाल्या होत्या, 2010 च्या शेवटी युरोपियन युनियन आणि आयएमएफकडं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) हात पसरावे लागले, लोक तेव्हा सत्तेत असलेल्या फियाना फॉल पक्षावर जाम चिडले. लेबर पार्टीला घेऊन केनी पंतप्रधान झाला. 2013 च्या डिसेंबरात त्या कर्जाच्या प्रोग्रॅममधून देश बाहेर, पण पगारकपात आणि पाणीपट्टीनं लोक वैतागले, म्हणून 2016 ला 50 जागा. तरी विरोधकांच्या टेकूवर परत बसला, दाद द्यायला पाहिजे.

आंबोली पॉइंट:
खरी गंमत पुढंच हाय. 2017 ला केनीनं खुर्ची सोडली तेव्हा तिथं बसला लिओ वराडकर, बाप मुंबईचा डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. घराणं नाही काही नाही. म्हणजे आपला आंबोली घाट उतरून पुढं मालवणकडं गेलं की आयर्लंडच्या माजी पंतप्रधानाचं गाव! 2019 च्या शेवटी पंतप्रधान असतानाच येऊन गेला तो वराडला. खासदाराच्या पोराची खुर्ची बिनघराण्याच्या पोराला गेली, आता गणू, हे सांग जाऊन मित्राला.

शहापूरची वहिनी:
सांगेल ओ, पण चहाचे पैसे कुणी दिले ते आधी सांग गणू.