चिनी लिपीतील ‘ता’: एकच चिन्ह चार बटणांवर चार अर्थांनी कसे येते?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये देखभालीचे काम पाहतो. कास्टिंगच्या फिनिशिंगसाठी आमच्याकडे चीनमधून एक यंत्र आले असून त्याच्या पॅनेलवरील सर्व मजकूर चिनी लिपीत आहे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून आमचे काम चालते; परंतु एक चिन्ह इतक्या ठिकाणी येते, की ते नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्याच्या डाव्या भागात तळाशी आकडी असलेली एक उभी रेघ असून तिला एक आडवी आणि एक खालून वर जाणारी तिरकी रेघ छेदते. उजव्या भागात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी आकृती असून तिच्याही पायाला आकडी आहे. ‘सुरू करा’, ‘घासणे’, ‘छिद्र पाडणे’ आणि ‘छापणे’ या चारही बटणांवरील शब्दांच्या आरंभी हेच चिन्ह आहे. एकट्या चिन्हाचे भाषांतर मागितले, तर मात्र ‘मारणे’ असे उत्तर मिळते. याचा मूळ अर्थ कोणता मानावा, उच्चार कसा करावा आणि प्रत्येक शब्द निराळा पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

राजारामपुरी

आपण केलेल्या वर्णनावरून चिन्ह ओळखता आले. ते पाच रेघांचे आहे. डावीकडच्या तीन रेघा म्हणजे ‘हात’ या चिन्हाचे आखडलेले रूप होय. ढकलणे, ओढणे, उचलणे अशा हाताने करायच्या कित्येक क्रियांच्या चिन्हांत ते डावीकडेच बसते. उजवीकडच्या दोन रेघांच्या चिन्हाचा उच्चार ‘तिंग’ असा आहे आणि येथे ते अर्थासाठी नसून ध्वनीसाठी घेतलेले आहे. लिहिताना आधी डावा भाग पूर्ण करावा: प्रथम आडवी रेघ, मग आकडीची उभी रेघ, मग खालून वर जाणारी तिरकी, त्यानंतर उजवा भाग.

आपल्या पॅनेलवर दिव्याचे बटण असेल, तर तेही अवश्य पाहावे. ‘दिवा’ या चिन्हाचा उजवा भाग हाच असतो, मात्र डावीकडे हाताऐवजी ‘अग्नी’ असतो. खिळ्याच्या चिन्हात त्याच जागी ‘धातू’ येतो. म्हणून नजर आधी डावीकडे टाकण्याची सवय लावून घ्यावी.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाची सोय आहे. रोमन लिपीत हा उच्चार ‘डी’ आणि ‘ए’ या अक्षरांनी लिहितात, म्हणून पुष्कळ जण त्याला ‘दा’ म्हणतात; वास्तविक तो आपल्या ‘ता’च्या फार जवळचा आहे. चिनीत त आणि थ, क आणि ख असा भेद पाळला जातो आणि तो आपल्याला लहानपणापासून येतोच. सूर, म्हणजे अक्षर उच्चारताना होणारा आवाजाचा चढउतार, येथे तिसरा, म्हणजे खाली उतरून किंचित वर येणारा असतो. परंतु पुढचे अक्षरही तिसऱ्या सुराचे असेल, तर पहिल्याचा सूर चढता होतो. आपल्या ‘छिद्र पाडणे’ या बटणावरील ‘ता-खुंग’मध्ये नेमके हेच घडते.

मंगळवारपेठ

मी व्यापाराच्या निमित्ताने चिनी शिकलो. मराठीतील ‘मारणे’ डोळ्यांसमोर ठेवले, की हे चिन्ह पुष्कळसे उलगडते. आपण होल मारतो, कास्टिंगला ग्राइंडर मारतो, प्रिंट मारतो, फोनही मारतो, आणि या चारही ठिकाणी चिनी भाषेत ‘ता’च वापरतात. अशा शब्दांत क्रियेचा नेमका अर्थ पुढचे अक्षर सांगते, तर ‘ता’ केवळ ‘ती क्रिया करणे’ एवढेच सुचवते.

तरीही हे साम्य सर्वत्र लागू करू नये. आपण दाराला कुलूप मारतो ते बंद करण्यासाठी. चिनी भाषेत मात्र ‘ता’ला ‘खाइ’, म्हणजे उघडणे, जोडून ‘ता-खाइ’ होते, आणि आपल्या यंत्रावर ‘सुरू करा’ या अर्थाने तेच लिहिलेले आहे. नव्या स्लॅबवर आपण पाणी मारतो, पण चिनीत ‘पाण्या’पूर्वी ‘ता’ आला, तर पाणी भरून आणणे असा अर्थ होतो. छत्री धरणे, टॅक्सी करणे, मासे पकडणे यांनाही ‘ता’ चालतो. चेंडूच्या खेळांत बास्केटबॉल किंवा टेबल टेनिस खेळण्याला ‘ता’ म्हणतात, फुटबॉलला मात्र ‘लाथ मारणे’ या अर्थाचे निराळे चिन्ह आहे. मूळचा हात तेथे अजून जागा आहे, असे मला वाटते.

रंकाळाकाठ

आपल्याला पडलेला प्रश्न चिनी विद्वानांनाही पडलेला आहे. इ.स. 100 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘श्वोवन चिएत्स’ या प्रसिद्ध कोशाच्या मूळ संहितेत हे चिन्ह नव्हते. 986 मध्ये सिद्ध झालेल्या आवृत्तीत पुरवणीतील शब्द म्हणून ते आले आणि तेथे त्याचा अर्थ ‘ठोकणे’ एवढाच दिला आहे. पुढे सोंग राजवटीतील लेखक औयांग श्यू (1007–1072) यांनी या शब्दाविषयी तक्रारीच्या सुरात लिहून ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की सोन्याचांदीची भांडी घडवण्याला ‘ता’ म्हणणे योग्य आहे, कारण त्यात हातोडी चालते (हुपरीच्या कारागिरांना हे सहज पटावे). पण होडी तयार करणे, जाळ्याने मासे धरणे, पाणी काढणे, छत्री धरणे, जमीन मोजणे या सर्वांना लोक ‘ता’ म्हणतात, मोठमोठे पंडितही तसेच बोलतात, आणि कोशांत मात्र या उच्चाराचा पत्ता नाही. म्हणजे हा विस्तार यंत्रांच्या काळातला नसून किमान साडेनऊशे वर्षांपूर्वीच लोकांच्या तोंडी रुळलेला होता. त्यामुळे प्रत्येक वापरात ठोकण्याचा अर्थ शोधत बसू नये; जोडशब्द हाच एकक धरून शिकावा.

शिरोलीकर

आपणा सर्वांचा मी आभारी आहे. दिव्याचे बटण पाहिले. राजारामपुरी यांनी सांगितल्याप्रमाणे डावीकडचा भागच तेवढा निराळा आहे. एक शंका मात्र उरते. सुट्या भागांच्या कोटेशनमध्ये हेच चिन्ह एका ठिकाणी ‘एक’ या अंकचिन्हानंतर आणि दुसऱ्या ठिकाणी 8 या आकड्यापूर्वी आले आहे. तेथे कोणती क्रिया अभिप्रेत असावी?

मंगळवारपेठ

‘एक’नंतर आलेले चिन्ह क्रियापद नाही. इंग्रजीतील ‘डझन’ हा शब्द चिनीत घेताना ध्वनीसाठी हेच चिन्ह वापरले गेले. त्या अर्थी सूर तिसरा नसून दुसरा, म्हणजे चढता असतो. त्या ओळीचा दर एका नगाचा नसून बारा नगांचा आहे, हे तपासून घ्यावे.

8 पूर्वी आलेले चिन्ह सवलतीचे आहे, आणि येथे भल्याभल्यांची गल्लत होते. तो आकडा किती टक्के सूट मिळेल हे सांगत नाही, तर मूळ किमतीचे किती दशांश द्यायचे हे सांगतो. 8 असेल, तर 1000 युआनच्या मालाचे 800 युआन द्यावे लागतात. 85 लिहिले असेल, तर ते साडेआठ दशांश, म्हणजे 850.