रडार गनचा आकडा म्हणजे सगळं नव्हे

बेसबॉलमध्ये रडार गनवर, म्हणजे चेंडूचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ताशी ९५ मैल वेग दिसला नाही तर मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या) पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बघूच नये, असं तुम्ही म्हणालात. मला अजिबात पटलं नाही. मेजर लीगचा पिचर जेकब डीग्रॉमचंच घ्या. कॉलेजात तो मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघानं ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पार नवव्या फेरीत घेतला, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन, २०११ चा अख्खा हंगाम बुडाला. आणि तरी २०१८, २०१९ असा लागोपाठ दोनदा साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार!

मी तर चौथ्या-पाचव्या इनिंगपर्यंत थांबतो. तेच फलंदाज दुसऱ्यांदा आले की चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू) टाकताना हात मंदावतो का, चेंडू फास्टबॉलच्याच जागेवरून सुटतो का, बेसवर धावपटू असताना लय बिघडते का, हे बघतो. तुमच्या त्या डावखुऱ्या पिचरला असा एकदा बघाच, मग बोलू.