मदत हवी आहे : कोंबड्या खुराड्यात झोपत नाहीत, आंब्यावर चढतात

पायथ्याकडचा : धायरीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला प्लॉट आहे. 8 गावरान तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणि 1 कोंबडा. खुराडं पत्र्याचं, 4 बाय 3 फूट, उंची 4 फूट, दार पूर्वेला. आत 1 फुटावर इंची लोखंडी पाइप बसायला, अंडी घालायचे क्रेट वर अडीच फुटांवर. दिवस मावळला की सगळ्या आंब्यावर. मुंगूस आणि उदमांजर दोन्ही आहेत. पाऊस लागायच्या आत सवय लावायची आहे. काय करावं?

खुराडेवाला : ठरलेला उपाय म्हणजे कोंडणे. 7 ते 10 दिवस बाहेर सोडायच्याच नाहीत, खाणं-पाणी आतच. कोंबडीला जागा एकदा 'घर' म्हणून पटली की अंधार पडायच्या आत ती आपण होऊन तिथेच येते. मध्येच दया येऊन सोडलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

भरडधान्य : थांबा! मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यात दिवसभर कोंडल्या तर त्या मरतील. कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं हाच तिचा पंखा. आणि 12 चौरस फुटांत 9 पक्षी रात्रीपुरते कसेबसे भागतात, दिवसभर नाही. चोचाचोची सुरू होते. कोंडायचंच तर खुराड्याच्या दाराला लागून निदान 8 बाय 6 फुटांचा जाळीचा पिंजरा करा, वर शेडनेट, पाणी सावलीत.

पण त्याआधी त्या आत का जात नाहीत ते बघा. तुमच्या वर्णनात कारणं दिसतातच.

एक, उष्णता. संध्याकाळी सातला खुराड्यात हात घालून बघा, पत्रा अजून तापलेला असेल. छताला बाहेरून चुन्याचे दोन हात द्या, वर गोणपाट टाकून दुपारी भिजवा. छताखाली समोरासमोरच्या दोन भिंतींत 6 इंचांची फट कापून तिला अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा. षटकोनी 'कोंबडी जाळी' नको, ती कोंबडीला आत ठेवते, उदमांजराला बाहेर ठेवत नाही.

दोन, अंधार. दार पूर्वेला म्हणजे मावळतीच्या वेळी आत काळोख. कोंबडीला कमी उजेडात फार कमी दिसतं, ती काळ्या भोकात शिरणार नाही. बाहेर संधिप्रकाश असताना आत छोटा एलईडी लावा. मात्र सगळ्या दांडीवर बसल्याशिवाय बंद करू नका, नाहीतर अर्ध्या जमिनीवरच राहतात.

तीन, दांडी, आणि मुख्य गोम इथेच आहे. कोंबडी मिळेल त्यातली सगळ्यात उंच जागा निवडते. 1 फुटावरचा गुळगुळीत, बारीक पाइप आणि शेजारी आंबा, यात आंबाच जिंकणार. 2 बाय 2 इंची लाकडी दांडी घ्या, वरच्या कडा पॉलिशपेपरने गोल करा. पक्ष्यामागे 20 सेंमी धरलं तर 4 फुटांत सहाच मावतात, म्हणून दांड्या दोन, एकमेकींपासून 30 सेंमीवर. दोन्ही 2 फुटांवर, एकाच उंचीला. वरखाली लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज मारामारी. क्रेट 1 फुटावर आणा. क्रेट दांडीहून उंच राहिले की त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली.

खुराडेवाला : मान्य, पत्र्याचा मुद्दा सुटला होता. पिंजऱ्यासह कोंडा. नंतर सोडताना पहिले काही दिवस मावळतीच्या तासभरच आधी सोडा. दुपारनंतर खाद्य बंद. संध्याकाळी दर पक्ष्याला 15-20 ग्रॅम ज्वारी किंवा मक्याचा भरडा, फक्त खुराड्यात. डबा खुळखुळवून बोलवा, आवाज रोज तोच.

पायथ्याकडचा : आभार. पण सोडल्यावर परत झाडावर गेल्या तर? पंख कापावेत का?

भरडधान्य : पूर्ण अंधार पडू द्या. मंद टॉर्च घेऊन एकेक उतरवा आणि दांडीवरच ठेवा, जमिनीवर नाही. आधी कोंबडा. तो आत बसायला लागला की बऱ्याचदा तलंगा मागोमाग येतात. आंब्याच्या 6-7 फुटांखालच्या फांद्या छाटा, त्या म्हणजे जिनाच. पंख कापायचेच तर एकाच बाजूची टोकाची लांब पिसं, तीही पूर्ण वाढलेली; वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं. मुंगूस असलेल्या जागी मी कापणार नाही, दिवसा पळायला तेवढंच साधन असतं तिच्याकडे.

शेणगोळा : एक भर. आत झोपणाऱ्या कोंबड्या अचानक यायच्या थांबल्या तर रात्री दांडीच्या खालून पांढरा कागद पुसून बघा. लाल डाग उमटले तर रक्त पिणाऱ्या बारीक किडी आहेत. दिवसा त्या फटीत लपतात, म्हणून पक्ष्याच्या अंगावर शोधून सापडत नाहीत. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा, फटींत चुना भरा आणि आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण किडींची अंडी उरतात. औषध पशुवैद्यकाला विचारूनच, अंडी खाण्यात असतील तर नक्कीच. दांड्या खिळ्यांनी ठोकू नका, दोन्ही टोकांना खाच करून नुसत्या बसवा, काढायला सोप्या.

पायथ्याकडचा : दांड्या बाभळीच्या चालतील का? घरात पडून आहेत.

शेणगोळा : चालतील. साल मात्र पूर्ण सोला, किडींना लपायला तीच जागा.