शब्दचर्चा : ड्यूटेरॉन ‘साकळतो’ की ‘जुळतो’?

राजारामपुरीतून : बारावीच्या मुलांसाठी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांवर मराठीत टिपण लिहितेय. ‘कोअलेसन्स’ला शब्द सुचवा. प्रोटॉनांच्या टकरीनंतर एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरॉन होतो, ती क्रिया. आधी ‘संमीलन’ लिहिलं होतं. पण सूर्यातल्या फ्यूजनलाही आपण तेच म्हणतो.

कागलहून : ताई, ‘संमीलन’ नकोच. ड्यूटेरॉनचा बंध जेमतेम २.२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं माप, तापमानही त्यात सांगतात). टकरीतून कण घडतात तेव्हाचं तापमान त्याच मापात सुमारे १५६, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट. एवढ्या आगीत तो बंध टिकायचा कसा? आमच्या गुऱ्हाळावर काहील चुलवाणावर आहे तोवर नुसता पाक असतो. उतरवून वाफ्यात ओतला, घोटला, निवत आला की दाणा धरतो. शब्दातही हे ‘निवल्यावर’ यायला हवं. मला ‘साकळणे’ बरा वाटतो.

शाहूपुरीतून : साकळणे म्हटलं की रक्त डोळ्यांपुढं येतं, आणि साकळायला पुष्कळ कण लागतात. इथं दोनच आहेत. शिवाय नुसतं जवळ असून भागत नाही, वेग आणि दिशाही जवळपास एकच लागते. रंकाळ्यावर सकाळी शेकडो माणसं फिरतात, जोडी जमते ती एका चालीनं चालणाऱ्यांचीच. म्हणून ‘जुळणे’, नाम ‘जुळणी’. छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांची जुळणी करायचे, तिथंही प्रत्येक खिळा आपल्या जागी शाबूत असायचा. ड्यूटेरॉनमध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉन तसेच राहतात.

कागलहून : खिळ्यांचा दाखला पटला, ‘साकळणे’ मागे घेतो. पण एक बघा, दोघंच भेटले तर जादा ऊर्जा न्यायला तिसरा कुणीतरी लागतो. सर्नच्या एलिस प्रयोगानं पायॉन (टकरीत घडणारा एक हलका कण) आणि ड्यूटेरॉन यांचे सहसंबंध मोजून दाखवलंय की बहुतेक ड्यूटेरॉन डेल्टासारखे अल्पायुषी कण फुटल्यानंतर जन्मतात. डेल्टा फुटून पायॉन आणि एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन सुटतो, आणि तो शेजारच्याशी जुळतो; तिसऱ्याचं काम पायॉनसारखा जवळचा कण करतो. टिपणात हे यायलाच पाहिजे.

राजारामपुरीतून : घेतलं. वाक्य असं केलंय : ‘टकरीची धग ओसरल्यावर, बहुतेक वेळा डेल्टासारखा कण फुटून सुटलेला न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन आपल्याच चालीच्या जोडीदाराशी जुळतो, तेव्हा ड्यूटेरॉन होतो.’ प्रतिड्यूटेरॉनलाही (प्रतिद्रव्यातल्या ड्यूटेरॉनला) हेच क्रियापद चालेल ना?

शाहूपुरीतून : चालेल. तिथं प्रतिप्रोटॉन आणि प्रतिन्यूट्रॉन जुळतात, एवढाच फरक.