एनसीएमसी (मेट्रो-बसचं सामायिक) कार्ड मेट्रोच्या गेटवर चालत नाही. बदलून घेताना आतल्या पैशांचं काय?

प्रश्न
रुपे एनसीएमसी कार्ड आहे, बँकेचं प्रीपेड, बचत खात्याशी जोडलेलं नाही. गेटवर टेकवलं की लाल दिवा लागतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मात्र ४०० रुपये दिसतात. स्टेशनवर ‘नवीन कार्ड घ्या’ एवढंच सांगतात. कार्डच बिघडलंय हे कसं ओळखायचं? आणि जुन्यातले पैसे मिळतात का?

प्रतिसाद १
लाल दिव्यासोबत गेटच्या पडद्यावर काय येतं ते आधी वाचा. शिल्लक किंवा प्रवेशाबद्दल ठराविक संदेश येत असेल तर गेट चिप वाचतंय, म्हणजे कार्ड जिवंत आहे. ते बदलायची घाई करू नका.

या कार्डात पैसे दोन जागी असतात: बँकेकडच्या कार्डाच्या प्रीपेड खात्यात आणि चिपवर. गेट फक्त चिपवरचे पाहतं. ऑनलाइन भरलेली रक्कम आधी खात्यात जाते. ‘बॅलन्स अपडेट’ (उदा. खिडकीवरच्या मशीनवर) केल्याशिवाय ती चिपवर उतरत नाही. तुमचे ४०० बहुधा तिथेच अडकलेत. अपडेट होताना मशीनने पूर्ण झाल्याचं दाखवेपर्यंत कार्ड हलवू नका, नाहीतर नोंद अर्धवट राहते. चिपवर कमाल २,००० रुपये मावतात.

दुसरं कारण म्हणजे मागच्या प्रवासात बाहेर पडताना टॅप न झालेलं. मग चिपवर तुम्ही अजून ‘आत’च असता आणि पुढचा प्रवेश नाकारला जातो. ग्राहक सेवा खिडकीवर ही नोंद दुरुस्त करून देतात.

प्रतिसाद २
आणि पडद्यावर काहीच येत नसेल तर अँटेना तुटलेली असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकच्या थरांमध्ये तारेची बारीक वेटोळी असतात. मागच्या खिशात कार्ड वाकलं किंवा दोरी ओवायला भोक पाडलं की तार तुटते. वरून कार्ड धडधाकट दिसतं.

तपासायला अँड्रॉइड फोनचं एनएफसी (टॅपची कार्डं ओळखणारी सोय) सुरू करा, फोनचं कव्हर काढा आणि कार्ड पाठीवर हळूहळू सरकवा. एकाही जागी फोनने दाद दिली नाही, पण तोच फोन दुसरं टॅपचं कार्ड ओळखतो, तर दोष कार्डातच. त्याआधी कार्ड पाकिटातून बाहेर काढून एकटंच गेटवर टेकवून पाहा. दोन टॅपची कार्डं एकत्र असली की रीडरचा गोंधळ होतो.

प्रतिसाद ३
बदलून देणं हे कार्ड देणाऱ्या बँकेचं काम. हेल्पलाइन कार्डाच्या मागे छापलेली असते. तक्रार ‘खराब कार्ड’ म्हणूनच नोंदवा. अ‍ॅपमध्ये पटकन सापडतो म्हणून ‘हरवलं’ हा पर्याय निवडू नका. हरवलेल्या कार्डाच्या चिपवरचे पैसे खिशातून पडलेल्या नोटेसारखे धरले जातात, कारण ते पिनशिवाय आणि ऑफलाइन कुणालाही वापरता येतात. कार्ड ब्लॉक केल्यावर खात्यातली रक्कम मात्र सुरक्षित राहते.

अर्जात दोन्ही रकमा वेगळ्या लिहा आणि शेवटच्या टॉप-अपची पावती जोडा. चिप वाचता येत नसेल तर टॉप-अपमधून नंतरचे प्रवास वजा करूनच शिल्लक काढावी लागते. गेटवरचे व्यवहार बँकेकडे मागाहून पोचतात, त्यामुळे हा हिशेब लगेच होत नाही. तोवर जुनं कार्ड कापू देऊ नका. द्यावंच लागलं तर पोच घ्या. नवीन कार्ड जुन्याच मोबाइल नंबरवर घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी बँकेचा तक्रार क्रमांक जवळ हवा. माहितीसाठी टोल-फ्री नंबर १४४४८.

प्रश्नकर्ता
पडद्यावर काहीच येत नाही आणि फोनही ओळखत नाही, म्हणजे अँटेनाच. याच कार्डावर बसचा मासिक पासही आहे. तो नवीन कार्डावर आपोआप येईल?

प्रतिसाद ३
नाही. पास चिपवर त्या बससेवेच्या वेगळ्या कप्प्यात लिहिलेला असतो, बँक त्याला हात लावत नाही. पासाची पावती आणि दोन्ही कार्डं घेऊन पास केंद्रावर जा. उरलेल्या दिवसांचा पास नव्या कार्डावर चढवून मिळतो का ते तिथेच विचारा. आणि नवीन कार्डाच्या चिपवर पहिल्यांदा पैसे उतरवल्याशिवाय गेटवर जाऊ नका. तेही कोरंच येतं.