लॅब हवीच, पण शेजारी बसण्यासाठी

'आता प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे, नकाशे बनवायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, मग भूगोलाला सामाईक लॅब कशाला?' असं काहीजण विचारतात. हा मुद्दा खर्चाच्या बाजूने पटतो. सॉफ्टवेअर घरीही चालतं, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमाही मोफत मिळतात. पण सोलापुरात एम.ए.ला असताना आम्ही एका कॉम्प्युटरवर दोघं-तिघं बसायचो, आणि मी जे शिकलो ते त्या दाटीवाटीतच.

उजनीच्या जलाशयाचं उन्हाळ्यातलं क्षेत्र काढायचं होतं. प्रतिमेत काठाला हिरवे पट्टे दिसत होते. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये (म्हणजे एक ठिपका जमिनीवरच्या १० बाय १० मीटरचा) मला ते शेवाळ वाटलं, म्हणून सरळ पाण्यात धरलं. शेजारी करमाळ्याची मैत्रीण होती. ती म्हणाली, "अरे, पाणी काय धरतोस? ही गाळपेर आहे. पाणी उतरलं की आमच्याकडं लोक तिथं पिकं घेतात." मग आम्ही पावसाळ्यानंतरची प्रतिमा शेजारी लावली, तर तेच पट्टे पाण्याखाली! माझा आकडा चुकला होता, आणि एकटा घरी बसलो असतो तर तोच छापून दिला असता.

सांगोला, अक्कलकोट, करमाळा अशा वेगवेगळ्या तालुक्यांतली मुलं एका स्क्रीनसमोर येतात, हेच आपल्या लॅबचं खरं भांडवल आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: नवी यंत्रं घ्या, पण प्रत्येक यंत्रापुढे दोन खुर्च्या ठेवा, आणि जोड्या लावताना वेगवेगळ्या तालुक्यांच्या लावा.